अळंबीची भाजी

सदूने बोर्लीच्या डोंगरातून टोपलीभर अळंबी आणली. "ही नेहमीची अळंबी दिसत न्हाय," त्याची बायको कोकिळा म्हणाली.

"तुम्ही बायका कशालाही भिता," तो हसला. "कर भाजी."

भाजीचा वास घरभर सुटला, पण ताटं काही वाढली जाईनात. कोकिळा आतून "जरा थांबा" एवढंच सांगत होती. सासूला संशय आला. ती हळूच स्वयंपाकघरात डोकावली, तर सून भाजीची रिकामी वाटी पुढ्यात घेऊन बसलेली.

"घरातली माणसं उपाशी, आणि तू एकटी गुपचूप जेवलीस?"

कोकिळाने घड्याळाकडे पाहिलं.



"अजून तासभर थांबा, आई. मला काय झालं न्हाय, तर वाढते सगळ्यांना."