सादतच्या आधी

"बारा वाजता पाणी जाणार. दोन दिवस येणार नाही," मोटारघरावरचा इस्काक फाटकातूनच म्हणाला. "मोटार खोलावी लागतेय. सादतचा फोन बंद आहे, रेडिओवर बोलत असेल. तुम्ही तिच्या जाऊबाई, तेवढा निरोप पोचवा. मी सामान आणायला शहरात निघालोय."

"पोचवते," ऊलकान म्हणाली.

रेडिओची खोली गल्लीच्या टोकाला होती, एका जुन्या कंटेनरात. चालत पाच मिनिटंही लागली नसती. ऊलकानने रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि ती उलट्या दिशेला वळली.

बिश्केकच्या कडेला वसलेल्या या सारी-बुलुंग वस्तीत अठरा वर्षं बातमी म्हणजे ऊलकान होती. कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, डॉक्टरीणबाई कधी येणार, सगळं तिच्या पायांनी घरोघर जायचं. लोक तिला हाताला धरून बसवायचे, चहा ओतायचे. गेल्या वसंतात वस्तीने आपला रेडिओ सुरू केला. शाळेतल्या मुलींनी सुटे भाग जोडून प्रत्येक घराला परवडतील असे छोटे रेडिओ बनवले. आणि बोलायला निवडली कोण, तर सादत. ऊलकानची धाकटी जाऊ. चार माणसांत मान वर न करणारी. तिला पसंत करून घरात आणलं होतं तेही ऊलकाननेच.

आज कळू दे लोकांना, ऊलकान मनाशी म्हणाली.

पहिल्याच अंगणात दामीरा जर्दाळू वाळत घालत होती. खिडकीत रेडिओ चालू होता.

"बारा वाजता पाणी जाणार. भरून ठेव."

"हो?" दामीराने हात थांबवला नाही. "रेडिओवर तर काही बोलले नाहीत."

"मी बोलतेय ना."

"तसं नाही हो, ताई. पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ऊलकान पुढे निघाली. सादतचा आवाज तिच्याआधीच प्रत्येक घरात जाऊन बसला होता. चाऱ्याचा भाव काय, लसी कधी टोचणार, कुणाचं तांबूस वासरू हरवलंय. मध्येच ती हसलीसुद्धा. घरात या बाईचं हसणं ऊलकानने कधी ऐकलं नव्हतं.

म्हातारा शारशेन झाडाखाली रेडिओ कानाशी धरून बसला होता. ऊलकानने तोंड उघडलं तसा त्याने हात वर केला. "जरा थांब गं, पोरी. ती वासराचं सांगतेय."

ऊलकान थांबली. वासराचं सांगून झालं, मग गाणं लागलं. म्हाताऱ्याने पाण्याचं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "बरं. बघू, रेडिओ काय म्हणतो."

उन्हाचा चटका वाढला. गुडघे बोलायला लागले. पन्नासेक घरं झाली असतील. त्यांतल्या सात-आठ जणींनी बादल्या उचलल्या, तेही तिचं मन राखायला. अजून अख्खा वरचा भाग राहिला होता.

खालच्या भागातल्या शेवटच्या घरी नुकती बाळंत झालेली झिपार होती, पदरात जुळी. दोरीवर लंगोटांची रांग आणि दारात अर्धी बादली पाणी.

"आत्ता भर," ऊलकान म्हणाली. "दोन दिवस मिळणार नाही."

"आत्ताच डोळा लागलाय हो दोघांचा," झिपार हळू आवाजात म्हणाली. "खरंच जाणार असेल तर सादतताई सांगतीलच की. त्या सांगितल्याशिवाय राहायच्या नाहीत."

ऊलकानने त्या अर्ध्या बादलीकडे पाहिलं. मग ती मागे वळली आणि तिला झेपेल तेवढ्या झपाझप चालू लागली.

कंटेनरात सादत कानाला हेडफोन लावून बसली होती. गाणं चालू होतं. थोरल्या जावेला बघताच ती उठून उभी राहिली. "ताई, तुम्ही? बसा ना."

"बारा वाजता पाणी जाणार. दोन दिवस."

सादतने घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा वाजून गेले होते. "इस्काक कधी आला होता?"

"सकाळी."

सादतची नजर ऊलकानच्या धुळीने माखलेल्या पायांवर गेली आणि तिथेच थोडा वेळ राहिली. मग ती खाली बसली, गाण्याचा आवाज कमी केला आणि माइकजवळ तोंड नेलं.

"मंडळी, आत्ताच, या क्षणी निरोप आलाय," ती म्हणाली. "हातातलं काम टाका आणि पाणी भरून घ्या."

ऊलकान दारात उभी राहून ऐकत होती. खोटंसुद्धा या बाईला किती गोड बोलता येत होतं.

ती बाहेर आली तोवर गल्लीभर फाटकं उघडत होती. बादल्या, दुधाचे कॅन, बाळाचा टबसुद्धा. झिपारची शेजारीण दोन्ही हातांत झिपारच्या बादल्या घेऊन पळत होती. दामीरा समोरून गेली, पण घाईत तिचं लक्ष नव्हतं.

चौकातल्या नळाशी ऊलकानची सून घागर घेऊन उभी होती.

"आई, होतात कुठे सकाळपासून? पाणी जाणार आहे," ती म्हणाली. "काकूंनी सांगितलं म्हणून बरं. नाहीतर आपल्याला कोण सांगणार होतं?"

ऊलकानने तिच्या हातातून घागर घेतली. रांग कोपऱ्यावरून पलीकडच्या गल्लीत वळली होती. ती शेवटी जाऊन उभी राहिली.