मंगळवारची फेरी

मार्केट यार्डात हमाली करत करत पिराजी चौगुले गुळाचे मोठे व्यापारी झाले आणि पुढे कोल्हापूरचे महापौरही झाले. महापौर झाले त्याच दिवशी शाहूवाडीला गावी त्यांची आई वारली. मिरवणूक आटोपून ते पोचले तेव्हा चिता विझत आली होती.

"आजपास्नं तुझं त्वांड बघणार न्हाय," धाकटा भाऊ केरबा म्हणाला, आणि त्याने ते खरं केलं.

पुढे पिराजींनी आईच्या नावाने मोफत डायलिसिस केंद्र काढलं. दर मंगळवारी ते स्वतः पेशंटची विचारपूस करायला येत. एकदा शेवटच्या खाटेवर एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसला. कागदावर नाव भलतंच होतं, पण पिराजींनी पाठीवरूनच भावाला ओळखलं. हाक ओठांवर आली. पण केरबाचा हट्ट त्यांना ठाऊक होता. आपण बोललो, तर हा सुया उपसून निघून जाईल आणि परत येणार नाही. म्हणून दोन वर्षं ते त्या खाटेपाशी क्षणभर थांबायचे आणि मुकाट्याने पुढे जायचे.

गेल्या महिन्यात केरबा गेला. पिराजी या वेळी मातीला सगळ्यांच्या आधी पोचले. केरबाची बायको बायडा रडत त्यांच्यासमोर आली.

"भावजी, तुमी वळखलंय ह्ये त्येनला पयल्या दिवशीच कळलं व्हतं," ती म्हणाली. "दर मंगळवारी म्हनायचं, दादा थोरला हाय, त्येनं नुसती एक हाक मारू दे, मी लगीच वळून बघतो."