नववी खेप

हवालदारानं चादर छातीपर्यंत खाली ओढली आणि तो दोन पावलं मागं सरकला.

"बघा निवांत. घाई न्हाई."

ख्वाजानं रुमाल नाकाला लावला. दवाखान्यामागची ती खोली लहान होती, वरचा पत्रा तापला होता. आष्टीहून पहाटेच्या एसटीनं, डोंगरातली वळणं घेत तो शिरूरला आला होता. पिशवीत डबा तसाच होता, पोटात काही नव्हतं.

चार वर्षांतली ही नववी खेप. धाकटा भाऊ शब्बीर डोक्यानं जरा फिरलेला. एका सकाळी ख्वाजाच्या गॅरेजमधून चहा सांगायला म्हणून गेला, तो गेलाच. तेव्हापासून पोलिसांचे फोन यायचे. परळी, जालना, एकदा तर थेट नांदेड. अनोळखी इसम, वय तिशीच्या पुढं, दाढी वाढलेली. ख्वाजा शटर ओढून निघायचा. आठ वेळा चादर सरकली होती आणि आठही वेळा खाली दुसऱ्याच कुणाचा तरी भाऊ निघाला होता. आठही वेळा ख्वाजा मिळेल त्या पहिल्या बसनं घरी परतला होता.

घरी त्याची आई, इमामबी, फोन हातात धरून बसायची. 'त्यो न्हवता' असं कळलं, की त्या दिवशी ती दोन घास जास्त खायची.

"न्हाई," ख्वाजा म्हणाला.

"नीट बघा. आजारानं वाळलाय बी लई."

"न्हाई, साहेब. आमचा न्हाई."

हवालदाराचं नाव अभिमन्यू. भला माणूस होता. त्यानं चादर परत वर घेतली. "मग ओळख पटली न्हाई असं लिवतो," म्हणाला आणि कागद पुढं केला. ख्वाजानं सही केली.

बाहेर लिंबाखाली उभं राहून त्यानं फोन लावला. पहिल्या घंटीलाच इमामबीनं उचलला.

"न्हाई, अम्मी. दुसराच कोन तरी हाय."

ती म्हणाली, "बरं. जेवून घे बेटा."

परतीची बस चारला होती. अभिमन्यू मोटारसायकलला किक मारत होता, तेव्हा ख्वाजानं सहज विचारावं तसं विचारलं, "ह्यो माणूस राहायचा कुठं?"

"नदीवर, पुलाखाली. दोन वर्सं होता. कुनाला तरास न्हाई बिचाऱ्याचा. तापात 'या अल्ला, या अल्ला' करत होता, म्हनून मशिदीवाल्यांना सांगितलंय. दुपारून माती देतील."

ख्वाजा चालत नदीवर गेला. सिंदफणेला पाणी कमी होतं. डबकी आणि मधून मधून वाळू. पलीकडं डोंगर उघडेबोडके, उन्हात पांढुरके पडलेले. पुलाच्या तोंडाशी चहाची टपरी होती. सत्यभामा नावाची पन्नाशीची बाई ती चालवायची.

"पोलिसातले का?" तिनं विचारलं.

"न्हाई. आष्टीचा हाय. भावाला हुडकत आलतो."

"मग, घावला का?"

"चहा द्या एक," ख्वाजा म्हणाला.

चहा उकळेपर्यंत ती आपणहून बोलत राहिली. तो माणूस कधी भाकर मागायचा नाही, दिली तर मुकाट खायचा. नाव विचारलं की नदीकडं बघायचा. मागच्या आठवड्यात तापानं फणफणला, तेव्हा तिच्याच नवऱ्यानं त्याला दवाखान्यात नेलं.

"थंडीत काय करायचा?"

"मालकाचं जुनं स्वेटर दिलतं मी. उन्हाळ्यात बी काढायचा न्हाई."

"हसायचा का कधी?"

सत्यभामानं गाळणी हातात तशीच धरून त्याच्याकडं पाहिलं. "हसायचा की. नदीला पानी आलं की काठावर हुबा राहून एकटाच लई हसायचा. कावून?"

"काई न्हाई."

तिनं चहा पुढं ठेवला. तो पुलाखाली बघत बसून राहिला. चहावर साय धरली.

दीडच्या सुमारास तो मशिदीत गेला. गुफरानचाचा म्हणून म्हातारे होते. बेवारस मुसलमानाचं सगळं तेच बघायचे. गुस्लाला, मयताला अंघोळ घालायला, माणूस कमी होता. ख्वाजानं बाह्या वर केल्या आणि पाण्याची बादली उचलली.

"तुमी कावून दमता?" चाचा म्हणाले. "परगावचे तुमी."

"बस चारला हाय, चाचा. तवर हात लावतो."

गावातली दहा-बारा माणसं जमली. दोन दुकानदार, एक फळवाला, गॅरेजमधले दोघं. अभिमन्यूही टोपी काढून लांब उभा राहिला. जनाजा कबरस्तानात पोचला, तेव्हा खाली उतरायला कुणी धडधाकट दिसेना. जमीन कडक, खड्डा खोल. ख्वाजानं चपला काढल्या.

चारची बस पुलावरून गेली, तेव्हा तो कबरीत उभा होता.

मूठमूठ माती पडली. माणसं पांगली. गुफरानचाचांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"परक्यासाठी एवढं कोन करतं? अल्ला तुमचा भाऊ बी घरी आनील."

"आमीन," ख्वाजा म्हणाला.

हातपाय धुऊन तो एसटी स्टँडवर आला. पुढची गाडी सहाला होती. बाकावर टेकला तेव्हा पाठ भरून आल्याचं त्याला पहिल्यांदा जाणवलं. डबा उघडला, झाकण परत लावलं. तेवढ्यात फोन वाजला.

"निघालास का?" इमामबीनं विचारलं.

"बस चुकली, अम्मी. एका गिऱ्हाइकाची गाडी बंद पडलती, ती बघत बसलो. आता सहाच्या बसनं येतो."

"जेवलास?"

"व्हय."

"ख्वाजा."

"काय, अम्मी?"

"सहाची बी जाऊ दे. भावाला माती दिलीस, आता तिथंच बसून रडून घे बेटा," इमामबी म्हणाली. "घरी आल्यावर मी काई इचारनार न्हाई."