दुभाष्या बदलून हवा

कॅनडातल्या लंडनमध्ये नर्स असलेल्या ऊर्मीला वॉर्डमधल्या म्हातारीचं बोलणं काही केल्या कळेना, म्हणून तिने दुभाष्या बोलावला. तेवढ्यात म्हातारीचा मुलगाही आला. त्याने आणि दुभाष्याने एकमेकांची गावं विचारली आणि दोघांचे चेहरेच बदलले. युगोस्लाव्हिया होता तोवर दोघांचा देश एकच होता. आता दोन झालेत. "याची भाषा आमची नाही. दुसरा माणूस आणा," मुलगा गुरकावला. "मलाही यांचं बोलणं कळत नाही," दुभाष्या फणकारला. "अहो, आधी आजी काय मागतायत ते तरी सांगा!" ऊर्मी ओरडली. म्हातारी पुन्हा तेच पुटपुटली. दोघे क्षणभर थबकले आणि परत भांडू लागले. बेडपॅन उचलतानाही येत नाही एवढी किळस ऊर्मीला आली. तिने पाण्याचा ग्लास म्हातारीच्या ओठांना लावला. ती घटाघटा प्यायली. "तुम्हाला कसं कळलं?" मुलगा चपापला. "तुम्ही दोघांनीही एकदमच ग्लासकडे बघितलंत."