खिशातली सुई

हिंदुरावाच्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी त्याचे वस्ताद बाबालाल मिस्त्री यांची नजर अधू झाली. जुन्या मोटारसायकलींच्या कार्ब्युरेटरमधली पेट्रोल आवरणारी सुई ते भलत्याच खाचेवर अडकवत. ते घरी गेले की हिंदुराव ती गुपचूप नीट बसवी.

एके सकाळी गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईक चक्कर मारून खुशीत म्हणालं, "मिस्त्री, काय पळतेय! अजून तुमचाच हात!"

गिऱ्हाईक गेल्यावर मिस्त्रींनी खिशातून सुई काढून हिंदुरावापुढे धरली. "काल ही मी आत घातलीच नव्हती. मग आत दुसरी कुणी बसवली?"

लाजेनं हिंदुरावाची मान वर होईना.

"मला आंधळा म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून खुळा केलंस व्हय रं?"

मिस्त्री पुन्हा गॅरेजात आले नाहीत. उद्या जाऊन पाय धरू, म्हणत हिंदुराव चालढकल करत राहिला. त्याच वर्षी रमजान ईदच्या आदल्या दिवशी बाबालाल मिस्त्री वारले.