मूठभर पेंड

प्रेमराज आजही वना आबाच्याच दगडावर बसला होता आणि हिलालला ते बघवत नव्हतं.

डोंगरातल्या त्या धरणावर तो एकच दगड असा, की तिथून गळ टाकला तर थेट खोलात पडतो. आबानं तीस वर्षं तिथं बसून मासे काढले. त्यातली बारा वर्षं त्याच्या डाव्या हाताला हिलाल. आबाची पिशवी धर, आबाचा गुंतलेला तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सोडव, आबाला चहा आण. आणि हा प्रेमराज कोण, तर दिवाळीनंतर सुरतहून गावात परत आलेला, रीळवाला गळ घेऊन. आबा उद्या लेकीकडं दोंडाईच्याला चालला होता, कायमचा. जायच्या आधी दगड कोणाला देणार ते सांगून जाणार होता. आणि काल त्यानं प्रेमराजला म्हटलं, बस, पाहू दे तुझा हात. प्रेमराजनं चार किलोचा रोहू काढला.

काल हिलाल जेवला नाही.

आज उजाडायच्या आत तो एकटाच येऊन गेला होता. म्हशीसाठी ठेवलेली अर्धी गोणी सरकीची पेंड आणली, भिजवली, गोळे केले आणि सगळे दगडापुढं पाण्यात सोडले. आबानंच शिकवलेलं, माशाला रोज मूठभर पेंड दाखवायची, जास्त नाही. पोट भरलेला मासा गळाकडं ढुंकून पाहत नाही.

तसंच झालं. दुपार झाली तरी प्रेमराजच्या गळाला बांधलेली मोरपिसाची काडी पाण्यावर ताठ उभी. हिलाल म्हणाला, सुरतचा गळ शे भो, आपल्या माशांना त्याची भाषा समजत नसेल. प्रेमराजही हसला. तो हसला म्हणून हिलालला आणखी राग आला.

आबा हात धुवायला वाकला. दगडाच्या फटीत पेंडीचा एक गोळा अडकला होता. त्यानं तो काढला, फोडला, नाकाशी नेला.

ओव्याचा वास.

पेंडीत ओवा भाजून, कुटून घालायचा, हे आबानं आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि त्या माणसाच्या हातानं तो आज पहाटेही सवयीनं घातला होता.

आबानं हिलालकडं पाहिलं. मग प्रेमराजला उठवलं, डावीकडं बसवलं.

"हिलाल, ये. दगड तुना शे."

हिलालचा ऊर भरून आला. तो जाऊन बसला. दगड प्रेमराजच्या बसण्यानं गरम होता. त्यानं गळ टाकला. आबानं तो फोडलेला गोळा त्याच्या मांडीजवळ ठेवला.

"मूठभर सांगेल व्हतं ना रे तुले?"

ऊन कललं. हिलालच्या पायाशी पाण्यात मासे लोळत होते, पांढरी पोटं दाखवत. एकानंही गळाला तोंड लावलं नाही. काडी हलली नाही.

डाव्या हाताला, त्याच्या बारा वर्षांच्या जागेवर, प्रेमराजच्या गळाला मासा लागला, रीळ करकरलं. आबा काठी टेकत उठला आणि तिकडं जाऊन बसला.