दुसरा टप्पा

लाखनीला धुरपताबाईंच्या घरात शेजारपाजाऱ्यांसकट सगळे टीव्हीला डोळे लावून बसले होते. तिकडे परदेशात स्क्वॉशच्या मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी रंगली होती, आणि जिंकायला त्यांच्या लेकीला, दामिनीला, एकच पॉइंट हवा होता. पंचांनी तो दिलाही. इकडे टाळ्या वाजतात न वाजतात तोच तिने स्वतःहून हात वर केला. चेंडू एकाच टप्प्यात मारायचा असतो, पण दुसरा टप्पा पडल्यावर आपण तो मारला, असं तिने सांगून टाकलं. तो पॉइंट गेला आणि त्यामागोमाग सामनाही.

रात्री फोन आला तेव्हा धुरपताबाईंना राहवलं नाही. "काहून सांगाले गेली वं? पंचानं देला होता ना पॉइंट! कोणालेच दिसलं नव्हतं."

"मले दिसलं ना, आई."

धुरपताबाईंना तिचं लहानपण आठवलं. गावात या पोरीसोबत खेळायला कोणीच नव्हतं. राइस मिलच्या मागच्या भिंतीवर ती एकटीच चेंडू मारत राहायची. एक फटका स्वतःचा, एक त्या नसलेल्या दुसरीचा. आणि कधीकधी दिवेलागणीला तोंड पाडून घरी यायची नि म्हणायची,

"आज मी हरली, आई."